पंडिताचा दुखवटा

माझ्या भावाचा दुखवटा आम्ही सात दिवस पाळला, तेव्हा तो तीन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहत होता आणि त्याची तब्येत ठणठणीत होती. फार तर थोडी सर्दी असेल. ती त्याला बारा महिने असायची, जुन्या पुस्तकांच्या धुळीने.

असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. म्हणून नीट सांगते. आम्ही यहुदी. आमच्यात घरचं माणूस गेलं की जवळचे नातेवाईक सात दिवस घराबाहेर पडत नाहीत. बुटक्या स्टुलांवर बसतात, आरशांवर चादरी टाकतात, अंगातल्या कपड्याची कॉलर फाडतात. शेजारपाजारचे जेवण घेऊन येतात आणि शेजारी बसून राहतात. आणि घरातलं कोणी धर्म सोडून गेलं, तर काही घरांत त्याच्यासाठीही असंच बसायची पद्धत होती. गेला तो मेला. आमचं घर त्यातलं आहे हे तोवर आम्हालाही माहीत नव्हतं.

घरी त्याला सगळे पंडित म्हणायचे. मी धाकटी, पण मीही पंडितच म्हणायचे, आणि अरेतुरे करायचे. खाली बाबांचं चष्म्यांचं दुकान, वर आम्ही. काचा घासायचं मशीन दिवसभर घरघर करायचं आणि त्या घरघरीत हा पालथा पडून वाचायचा. दुधाचे दात पडायच्या आधी त्याला जुनी लिपी येत होती. बाबा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलता बदलता मुलाचं कौतुक सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं शेवटच्या ओळीतलं अक्षर दिसतंय की नाही या घोरात, पण मान डोलवायचं. मशीनवर मी बसायचे, हे मात्र कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे पंडित विद्यापीठात गेला आणि धर्मशास्त्र विभागातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या हाती लागला. त्यांचा विषय, पहिले ख्रिस्ती लोक आणि त्यांची यहुदी पार्श्वभूमी. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे शिष्य यहुदी. त्यांचं बोलणं कळायचं तर त्या काळचे यहुदी काय वाचत होते आणि कशावरून भांडत होते, हे कळायला हवं. म्हातारेबुवांना त्या जुन्या भाषा कोशात बघून यायच्या, आणि याच्या त्या कानावरून गेलेल्या होत्या. दोन वर्षांत म्हातारेबुवांचं याच्यावाचून पान हलेना. निवृत्त होताना आपल्या जागी यालाच बसवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एकच अडचण होती. ती जागा चर्चच्या सभासदालाच मिळायची. हा नियम कोणी फार प्रेमाने सांभाळत होतं अशातला भाग नव्हता. तो होता, इतकंच. म्हातारेबुवांनी खूप हळहळ व्यक्त केली म्हणे. हळहळ व्यक्त करायला काय जातं?

पंडिताने बाप्तिस्मा घेतला आणि संध्याकाळी जेवायला घरी आला. सूप वाढून होईपर्यंत थांबला आणि मग एखाद्या अर्जावर सही केल्यासारखं सांगून टाकलं. पाच मिनिटांचं काम होतं, म्हणाला. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि एकच विचारलं, तू हे मानतोस का? पंडित म्हणाला, प्रश्न इतका सरळ नाहीये.

"मानत असतास तर भांडलो असतो तुझ्याशी," बाबा म्हणाले. "रात्र रात्र भांडलो असतो. आता भांडायलाही काही ठेवलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बुटकी स्टुलं काढायला लावली. आई म्हणाली, अहो, असं कोण करतं? तेव्हा बाबांनी ती गोष्ट सांगितली, आणि ती नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेकडो वर्षांपूर्वी आमच्यात एक थोर गुरू होऊन गेले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांचा मुलगा धर्म सोडून गेला, तेव्हा ते स्वतः त्याच्यासाठी दुखवट्याला बसले. तेही सात दिवस नव्हे, दोनदा सात. एवढा मोठा माणूस बसला, तर आपण कोण लागून गेलो?

"ते थोर होते, चौदा दिवस बसले," बाबा म्हणाले. "मला दुकान आहे. मी सात बसतो."

बसले. माझी शाळा बुडवून मलाही बसवलं. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. समाचाराला आलेल्या शिंपीणकाकूंनी दार उघडलं, तर दारात पंडित. थंडी पडली होती, लोकरी कोट न्यायला आला होता. तोंडाला सवय असते ना, त्या त्यालाच म्हणाल्या, फार वाईट झालं हो. पंडित म्हणाला, हो. मग मी आतून कोट आणून त्याच्या हातात कोंबला. बाबांनी आतून विचारलं, कोण आहे? काकू म्हणाल्या, कोणी नाही. आई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, ती तशीच बसून राहिली. मला तेव्हा हसू आलं होतं. आज नाही येत.

पंडिताला ती जागा मिळाली. दारावर नावाची पाटी लागली आणि खाली विषय, त्यात ते 'यहुदी पार्श्वभूमी' आलंच. मी एकदा मुद्दाम जाऊन ती पाटी वाचून आले. पार्श्वभूमी म्हणजे फोटोवाल्याकडे पाठीमागे पडदा असतो, तसंच ना? पुढे दुसरंच कोणीतरी ऐटीत बसतं आणि फोटो त्याचा निघतो. आम्ही सगळे त्या पडद्यावर. बाबा, आई, आमची प्रार्थना, आमची भांडणं. माझा भाऊ त्या पडद्यावर पगार घेत होता.

त्याचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा पेपरात परीक्षणं छापून आली. मी ते वाचनालयातून आणून दुकानाच्या गल्ल्याखाली लपवून वाचलं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण गाभा कळला. त्याचं म्हणणं असं की त्या पहिल्या काळात दोन धर्म नव्हतेच. येशूचे लोक यहुदी प्रार्थनालयातच जायचे, तेच सण करायचे, त्याच ताटात जेवायचे. मध्ये भिंत नव्हती. भिंत फार नंतर लोकांनी बांधली. म्हणजे इकडून तिकडे कोणी गेलंच नाही, कारण जायला तिकडे काही नव्हतंच.

मी पुस्तक मिटलं आणि मला असा संताप आला की काय सांगू. दुसऱ्या कोणाला कळलं नसेल, मला पहिल्या प्रकरणात कळलं की हे बाबांना उद्देशून आहे. पाचशे पानं, खाली तळटिपांची ही गर्दी, आणि तात्पर्य काय, तर मी कुठे गेलोच नव्हतो. अरे मग एक दिवस घरी येऊन चार शब्दांत सांगायचं, बाबा, मला नोकरी हवी होती, चुकलं माझं. तेवढं एक वाक्य त्याला लिहिता आलं नाही, म्हणून त्याने आठ पुस्तकं लिहिली.

बरं, तिकडे तरी सुखात होता का? कुठलं सुख. विभागात कोणी पाहुणा आला की ओळख करून द्यायचे, हे आमचे यहुदी सहकारी. जन्मभर त्यांचा तो यहुदीच राहिला आणि आमच्यासाठी मेलेला. एकदा बाप्तिस्मा घेतल्यावर त्याचं निदान तिथे तरी माणसांत नाव लागायला हवं होतं. लग्न केलं नाही. कोणत्या देवळात करायचं हा प्रश्न असेल.

बाबांनी त्याचं एकही पुस्तक उघडलं नाही. गेले तेव्हा पंडित दफनाला आला आणि कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला. बोलावलं कोणीच नाही. मेलेला माणूस बापाला माती द्यायला कसा येणार?

मग दुकान मी चालवायला लागले आणि घरात आई नि मी राहिलो. आई त्याचं नाव काढायची नाही. पण काही वर्षं दर हिवाळ्यात रेडिओवर त्याची व्याख्यानं व्हायची, दर आठवड्याला एक, तेव्हा बरोबर त्या वेळेला आई बटाटे सोलायला रेडिओच्या खोलीत जाऊन बसायची. मी मुद्दाम विचारायचे, हे काय लावलंयस? म्हणायची, आता बातम्या लागतील. व्याख्यान संपून बातम्या लागल्या की उठून जायची. सोललेल्या बटाट्यांनी पातेलं भरून वाहायचं. आम्ही दोघी जणी, एवढे बटाटे खाणार कोण?

मी तिला म्हणायचे, आई, तीन गल्ल्या आहेत, चल, मी नेते तुला. तिचं एकच, मेलेल्याला भेटायला जातात का कोणी? त्यांनी दुखवटा धरला, उठवायचा तर त्यांनीच, आणि ते तर गेले. शेवटी मी तिला आमच्या रब्बींकडे नेलं. रब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू, फार मऊ माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले की आजकाल कोणी असं बसत नाही, पण बसून झालेला दुखवटा मोडायचा म्हणजे त्या थोर गुरूंचा दाखला मोडायचा. तेवढी माझी छाती नाही. तो एक दाखला नसता, तर मी स्वतः तुम्हाला हात धरून मुलाकडे घेऊन गेलो असतो.

आई घरी येताना म्हणाली, चांगले आहेत ना रब्बी? मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला पोस्टात पंडित दिसला. नव्या पुस्तकाच्या मुद्रितांचं पाकीट वजन करून घेत होता. आमच्यात बोलणं नव्हतं, पण मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आई कशी बटाटे सोलते, रब्बी काय म्हणाले, सगळं. म्हटलं, ती गुरूची गोष्ट एवढी बघ. तुझा धंदाच आहे तो, दोन हजार वर्षांपूर्वी कोण काय जेवलं ते तू शोधून काढतोस. यात कुठे फट सापडते का बघ. आई थकलीय.

त्याचा चेहरा पांढरा पडला. बघतो, म्हणाला. पाकिटावर तिकीट लावायचं विसरला आणि तसाच निघून गेला. पोस्टातल्या बाईने मला हाक मारली, मग मी पैसे भरले.

मी वाट पाहिली. आईला काही बोलले नाही, उगाच आशा कशाला लावायची. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. पंडित परदेशी जायचा, यायचा, त्याचे फोटो यायचे. मी मनाशी म्हटलं, विसरला. किंवा शोधलं आणि काही निघालं नाही. आई बरेच हिवाळे रेटत राहिली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात, पण तिन्हीसांजेला रेडिओच्या खोलीत नेऊन बसव म्हणायची. व्याख्यानं कधीच संपली होती. मी नेऊन बसवायचे. गेली त्या सकाळी तिने मला विचारलं, कोट नेला ना त्याने? मी म्हटलं, नेला आई.

पंडित पुन्हा फाटकाबाहेर उभा. या खेपेला पाऊस होता आणि त्याच्याकडे छत्री नव्हती. मी बघितलं आणि मान फिरवली.

आई गेल्यावर तो दुकानात यायला लागला. गिऱ्हाईक म्हणून. दुखवट्यात गिऱ्हाइकाशी बोलायला कुठे बंदी आहे? मी त्याचा नंबर तपासायचे, चष्मा करून द्यायचे, तो पैसे द्यायचा, मी सुटे परत करायचे. हवापाण्याचं बोलायचो. नंबर काही इतक्या लवकर बदलत नव्हता. मला कळत होतं, मीही बोलत नव्हते. अशी आमची म्हातारपणं आली.

त्या दिवशी तो आला तेव्हा दुपारची सामसूम होती. धाप लागलेली. हृदयाचं दुखणं होतं त्याला, डॉक्टरांनी जिने चढायला मना केलं होतं. पण तोंड असं उजळलेलं, की मला एकदम तो पालथा पडून वाचणारा पोरगा आठवला. हातात छापील लेख, नुकताच नियतकालिकात आलेला. म्हणाला, आधी डोळे तपास, मग वाचून दाखवतो. मी त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड फ्रेम नाकावर चढवली आणि काचा घालायला लागले. त्याला कसला धीर. तसाच, त्या फ्रेममधूनच वाचायला लागला.

त्या थोर गुरूंची गोष्ट. ती कुठून कुठे कशी आली याचा त्याने माग काढला होता. आपण सगळे ऐकत आलो ती नंतरच्या कोणीतरी आटोपशीर केलेली. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितात ती अशी नाहीच. त्यात मुलगा धर्म सोडून जातो, आणि बाप काहीही करत नाही. दार बंद करत नाही, कॉलर फाडत नाही. वाट बघतो. पुढे कितीतरी काळाने तो मुलगा तिकडेच मरतो, खरोखरचा मरतो, आणि तेव्हा बाप दुखवट्याला बसतो. पहिले सात दिवस मुलगा गेला म्हणून. पुढचे सात, त्याला परतायची संधी मिळाली नाही म्हणून. नंतरच्या लोकांनी मधलं गाळलं, आणि वाचणाऱ्यांना वाटलं, धर्म सोडल्याबरोबर बसला.

"कळलं का तुला?" पंडित म्हणाला. "जिवंत माणसाची संधी कशी संपेल? चौदा दिवसांतच सगळं होतं. कोणी विचारच केला नाही. जिवंत मुलासाठी कधी कोणी बसलंच नव्हतं. बाबा चुकीच्या गोष्टीवर बसले."

फ्रेमच्या मागे त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने मागायचं ते मागितलं. डॉक्टरांनी त्याला फार दिवस दिले नव्हते. विभाग मोठा कार्यक्रम करेल, चर्चमध्ये घंटा वाजतील, ते सगळं होईल. पण त्याच्यासाठी कोणी बसणारं नव्हतं. या जगात एक मी होते. मी बुटक्या स्टुलावर बसावं, एवढंच त्याला हवं होतं. आता ते चालतं, म्हणाला, आता पुरावा आहे.

खोटं कशाला बोलू, मी विरघळले. जन्मभराचा राग असा बाजूला सरला. हो म्हणायला तोंड उघडलं आणि उगाच, बोलायचं म्हणून विचारलं, हे सापडलं कसं तुला?

त्याला तेच हवं होतं. मास्तर माणूस, रंगात आला. तू पोस्टात सांगितलंस ना, म्हणाला, त्यानंतर लगेच शोधायला घेतलं. आणि नशीब बघ, एका व्याख्यानाला गेलो होतो, तिथल्या ग्रंथालयात दुसऱ्याच गठ्ठ्यात ते पान निघालं. वाचलं आणि तिथल्या तिथे उतरवून घेतलं. पण एकच प्रत होती. आणि ती लिहिणारा लेखनिक धांदरट म्हणून प्रसिद्ध, ओळी गाळणारा. एका प्रतीवर विधान करायचं नसतं. दुसरी प्रत होती ते ग्रंथालय दुरुस्तीसाठी बंद. मग उघडलं, तर परवानगी मिळेना. मिळाली, तर फोटो धूसर आले. पुन्हा अर्ज. आत्ता कुठे स्वतः जाऊन बघितलं आणि शिक्कामोर्तब झालं.

माझा हात काचांच्या पेटीत होता तो तिथेच राहिला. मी विचारलं, पहिली प्रत कधी बघितलीस?

"ती माझी रेडिओवरची शेवटची व्याख्यानं झाली ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात," तो म्हणाला, अजून रंगातच.

"आई तेव्हा होती."

"हो, पण खात्री नव्हती."

मला बटाट्यांनी भरलेलं पातेलं दिसत होतं. रेडिओत हा बोलतोय, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांबद्दल, एवढा शांत आवाज, आणि याच्या खिशात ते पान आहे. तीन गल्ल्यांवर आई बातम्यांची वाट बघतेय.

"खात्री कोणाला हवी होती, पंडित? तिला शंका पुरली असती. रब्बींनाही पुरली असती. रडत होता तो माणूस."

तो गोंधळला. खरंच गोंधळला, नाटक नव्हतं. मग हळूहळू त्याला कळायला लागलं ते मला त्या जाड काचांतून दिसत होतं, डोळे हे एवढे मोठे झालेले. तरी बोलला तो हेच, कारण दुसरं काही त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"आणि चुकीचं निघालं असतं तर?"

"तर ती तुला चुकून भेटली असती."

बाहेरून एक बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली. मी ती बसवून दिली. परत आले तर पंडित तसाच बसलेला, ती फ्रेम नाकावर, लेख मांडीवर. मी फ्रेम काढून घेतली. नाकावर दोन लाल वळ उठले होते. जिने जपून उतर म्हटलं, कारण दुकानालाही दोन पायऱ्या आहेत. दाराशी त्याने वळून विचारलं, मग तू बसशील ना?

"मला खात्री करून घेऊ दे," मी म्हटलं.

लागलं त्याला. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मला वाईट वाटतं का? वाटतं. पण तो आज दारात उभा राहिला तर मी पुन्हा तेच म्हणेन.

हिवाळ्याच्या तोंडावर गेला. अंत्यविधी थाटात झाला. चर्च भरलं होतं, मी मागच्या बाकावर होते. विभागप्रमुख म्हणाले की यांनी आपल्याला येशूचं घर आतून दाखवलं. घर आतून बघितलेला म्हणे हा. बाहेर काढलं होतं घरातून, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्या भाषणात बसत नव्हतं. मला कोणीतरी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, चष्मेवाली.

घरी येऊन दुकानाला कुलूप घातलं आणि माळ्यावरून स्टूल काढलं. आरशावर चादर टाकली. ब्लाउजच्या गळ्याला कात्री लावली आणि बाकीचा हाताने फाडला. बसले. समाचाराला कोणीच आलं नाही. येणार कोण? शिंपीणकाकू गेल्याच होत्या, आणि जे उरले होते ते म्हणाले असतील, त्याचं तर आम्ही मागेच करून आलो. आता जे रब्बी आहेत ते कोवळे आहेत, ते फोनवर म्हणाले की तुमच्यावर बंधन नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि ठेवून दिला.

सगळे सात दिवस बसले. गुडघे गेलेत माझे, त्या बुटक्या स्टुलावरून उठताना भिंत धरावी लागायची. त्याच्यावर मनसोक्त चिडले, मनसोक्त रडले. पंडित माझा भाऊ होता आणि तो मेला होता, या वेळी खरोखरचा, त्यामुळे ते सात दिवस त्याचे होते. ते मी त्याला पुरते दिले.

आठव्या दिवशी सकाळी आरशावरची चादर काढली आणि दुकान उघडलं. पुढचे सात मी बसले नाही. ते ज्याला परतायची संधी मिळत नाही त्याच्यासाठी असतात, हे त्यानेच शोधून काढलं होतं. त्याला संधी मिळाली होती. तो ती तपासत बसला.